विजेची दुचाकी घेण्यापूर्वीं

गेल्या दिवाळींत माझी धाकटी मुलगी लातुरहून नांदेडास माहेरीं आली, तेव्हां तिनें माझ्यावर एक काम सोंपविलें. "अण्णा, आम्हांला विजेवरची गाडी घ्यावयाची आहे. तुम्ही आतां मोकळे आहांत. चार दुकानें हिंडून कोणती बरी, तें पाहून ठेवा." मी सारी हयात प्राथमिक शाळेंत मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेला मनुष्य, यंत्रविद्येंत माझी गति बेताचीच. परंतु लेकीचा शब्द मोडवेना. पिशवींत एक वही आणि पेन्सिल टाकून मी वजिराबादेपासून तरोडा नाक्यापर्यंत दुकानें पालथीं घातलीं.

एका दुकानांतील तरुणानें मला मोठ्या आदरानें खुर्ची दिली आणि तो म्हणाला, "गुरुजी, ही गाडी एकदां भरली कीं १५० किलोमीटर. सकाळीं निघालांत कीं दुपारच्या जेवणाला लेकीच्या घरीं!" नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें लातूर सुमारें १४० किलोमीटर आहे. १५० मधून १४० वजा केले तर १० उरतात. म्हणजे वजाबाकी बरोबर होती. पण शाळेंत मी मुलांना नेहमी सांगत असें कीं, उत्तर तपासण्यापूर्वीं उदाहरण नीट मांडलें आहे कीं नाहीं, तें पाहा. आज मी तेवढेंच करणार आहें. गाडीची निवड हें एक अंकगणिताचें उदाहरण आहे, आणि त्यांतील पहिले आंकडे दुकानांत नसून आपल्या घरांत असतात, हें मला आपणांस सांगावयाचें आहे.

हें शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं. २०२१ सालीं पेट्रोलनें शंभरी ओलांडली, तेव्हां मीं घाईघाईनें कमी वेगाची एक स्वस्त बॅटरीची गाडी घेतली. पहिल्या हिवाळ्यांत ती ४० किलोमीटर जाई. दुसऱ्या उन्हाळ्यांत १५ किलोमीटरांतच ती धापा टाकूं लागली. तक्रार घेऊन गेलों, तों त्या दुकानाच्या जागीं कपड्यांचें दुकान थाटलेलें. माझ्या हातांत उरली ती एक पावती, आणि तिच्यावर बॅटरीच्या हमीविषयीं एक अक्षरहि नव्हतें. निवृत्तिवेतनांतून सांठविलेले ते पैसे गेले ते गेलेच. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो. म्हणून या खेपेस मीं मुलीला प्रथम एक वही घालावयास सांगितली.

पंधरा दिवस रोज गाडी कोणीं नेली, किती किलोमीटर गेली, मागें कोण बसलें होतें आणि रात्रीं ती कोठें उभी राहिली, एवढेंच त्या वहींत लिहावयाचें. मुलीचें घर औसा रस्त्यावर. तेथून नातवाची शिकवणी, मग तिची कचेरी, परततांना गंजगोलाईंतील बाजार, असा तिचा फेरा. पंधरा दिवसांनीं बेरीज केली, तों रोजचें अंतर १८ ते २२ किलोमीटर भरलें. फक्त एके दिवशीं तें ३५ झालें. म्हणजे तिला हमखास ५० किलोमीटर जाणारी गाडी पुरे होती. मी स्वतः मंडई, वाचनालय आणि बँक मिळून रोज ६ किलोमीटरहि जात नाहीं. १५० किलोमीटरांची जाहिरात आम्हां दोघांपैकीं कोणासाठींच नव्हती. लहानशा संसारासाठीं लग्नाचें पातेलें विकत घेण्यांतलाच तो प्रकार झाला असता.

आतां गाडीकडे वळूं. या गाडीचा जीव बॅटरींत असतो, आणि बॅटरी म्हणजे विजेची टांकी. लातूरकरांना हें निराळें समजावून सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, तेव्हां घरोघर एकच प्रश्न होता: किती लिटर? टांकीचा रंग कोणता, हें कोणी विचारलें नाहीं. गाडी घेतांना मात्र आपण रंग पाहतों आणि लिटर विचारावयास विसरतों. विजेच्या टांकीचें माप किलोवॅट-तास हें आहे. घरच्या वीजबिलांत ज्याला युनिट म्हणतात, तेंच हें. हजार वॅटची शेगडी तासभर चालली म्हणजे एक युनिट खर्च होतें. कांहीं दुकानदार युनिट न सांगतां "६० व्होल्ट, ३० अँपिअर" असें सांगतात. अशा वेळीं गोंधळूं नये. दोहोंचा गुणाकार करावा आणि हजारानें भागावें. ६० गुणिले ३० म्हणजे १८००. हजारानें भागले कीं १.८ युनिट. दुकानांत पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हाच असावा.

ज्यांच्या हाताशीं कागद असेल, त्यांनीं पुढील आंकडे लिहून घ्यावे. २०२४ सालीं बाजारांत आलेल्या चार गाड्या मी केवळ उदाहरणादाखल घेतों. कोणाची शिफारस करण्याचा हेतु नाहीं. बजाजच्या चेतकचा ३.५ युनिटांचा प्रकार. कंपनीनें सांगितलेला पल्ला १५३ किलोमीटर. एथरची रिझ्टा, २.९ युनिट, पल्ला १२३. टी. व्ही. एस. ची आयक्यूब, २.२ युनिट, पल्ला ७५. कायनेटिक ग्रीनची ई-लुना, २ युनिट, पल्ला ११०. यांतील दोन नांवें माझ्या वयाच्या श्रोत्यांना ओळखीचीं वाटतील. पेट्रोलची चेतक आणि पेट्रोलची लुना या दोन्ही १९७२ सालच्या. अर्ध्या शतकानें त्याच नांवांनीं विजेच्या गाड्या आल्या. असो. आतां प्रत्येक पल्ल्याला युनिटांनीं भागा. एका युनिटांत चेतक सुमारें ४४ किलोमीटर, रिझ्टा ४२, आयक्यूब ३४ आणि ई-लुना ५५.

हें पाहून कोणी म्हणेल, आयक्यूब मागें पडली आणि लुनेनें बाजी मारली. परंतु निकाल देण्याची घाई नको. लुना ही हलकी गाडी. तिचा कमाल वेगच ताशीं ५० किलोमीटरांच्या घरांत. हलकें ओझें सावकाश नेलें म्हणजे श्रम कमी पडतात, हें बैलगाडी हांकणाऱ्यासहि ठाऊक आहे. आयक्यूबचा भेद मात्र गाडीचा नसून मापाचा आहे. तिचा ७५ हा आंकडा प्रत्यक्ष रस्त्यावरचा म्हणून दिलेला; चेतक आणि रिझ्टा यांचे आंकडे चांचणीशाळेंतले. दोघांनीं दोन मापांनीं धान्य मोजलें, तर कोणाच्या पोत्यांत अधिक, हें मापें एक केल्यावांचून कळावयाचें नाहीं.

ही चांचणी कशी असते, तेंहि सांगतों. पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेली 'अराई' ही वाहनसंशोधन संस्था आहे. अशा चांचणीशाळेंत गाडी फिरत्या रुळावर उभी करून ठराविक क्रमानें चालवितात. दुचाकीचा हा क्रम १०८ सेकंदांचा. त्यांत कमाल वेग ताशीं ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशीं सुमारें २२. तेथें समोरचा वारा नाहीं, पुलाचा चढ नाहीं, आणि मध्येंच म्हैस आडवी येत नाहीं. हा आंकडा खोटा नसतो. सर्व गाड्या एकाच फुटपट्टीनें मोजाव्या, म्हणून तो काढलेला असतो. पण आपला रस्ता म्हणजे ती फुटपट्टी नव्हे. शहरांत मागें माणूस बसवून नेहमीच्या वेगानें चालविली, तर साधारण स्कूटर एका युनिटांत ३० ते ३५ किलोमीटर जाते, असें धरून चालावें.

या त्रैराशिकानें त्या तरुणाचें उदाहरण पुन्हां मांडूं. ३.५ युनिट गुणिले ३० म्हणजे १०५ किलोमीटर. सकाळीं नांदेडहून निघालेले गुरुजी दुपारच्या जेवणाच्या वेळीं चाकुराच्या आसपास रस्त्याच्या कडेला उभे! राष्ट्रीय महामार्गावर वेग वाढविला, तर त्याहूनहि अलीकडे. वाटेंत कोणाच्या तरी दारांत दोन-तीन तास गाडी भरीत बसण्यापेक्षां एस. टी. बरी. विजेची दुचाकी ही गांवांतल्या गांवांत फिरण्याची गाडी आहे. तिला तेंच काम द्यावें, म्हणजे ती इमानानें करील.

दुसरा प्रश्न बॅटरीच्या जातीचा. शिशाची बॅटरी फ्रान्समधील प्लांते यानें १८५९ सालीं तयार केली, आणि १८८१ सालीं त्रूवे यानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. म्हणजे विजेची गाडी ही कालपरवांची वस्तु नव्हे. लिथियमची बॅटरी बाजारांत आली ती १९९१ सालीं, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ सालीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. शिशाची बॅटरी स्वस्त असते, पण वजनानें जड आणि आयुष्यानें तोकडी. तापमान १० अंशांनीं वाढलें कीं तिचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा या धंद्यांतला ठोकताळा आहे. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर चढतो. तेव्हां माझी गाडी दुसऱ्या उन्हाळ्यांत कां दमली, हें आपणांस सांगावयास नको. लिथियममध्येंहि दोन पोटजाती आहेत. लोह-फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच विजेसाठीं थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि अधिक वर्षें टिकते. निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांची बॅटरी हलकी असते. मात्र तिला उन्हापासून अधिक जपावें लागतें. कोणतीहि बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी आटते. म्हणून पांच-सहा वर्षांनीं तिची ७० टक्केच शक्ति उरेल, असें धरून आजची खरेदी करावी. मुलीचा हिशेब मीं असाच केला. २.२ युनिटांचे ७० टक्के म्हणजे दीड युनिटाहून थोडें अधिक. त्यांत ५० किलोमीटर होतात. तिच्या मनांत ३.५ युनिटांची गाडी होती, वहीनें २.२ वर समाधान केलें.

आगीची भीति अनेकांच्या मनांत आहे, आणि ती निराधार नव्हे. २०२२ च्या मार्चांत पुण्यांत रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली, आणि त्याच सुमारास देशांत अन्यत्रहि अशा घटना घडल्या. त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. ए. आय. एस. १५६ या नांवाचे हे सुधारलेले नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू झाले. म्हणून जुनी गाडी स्वस्तांत मिळत असली, तर तिचा जन्म या तारखांच्या अलीकडचा कीं पलीकडचा, तें आधीं पाहावें. घरींहि कांहीं पथ्यें आहेत. उन्हांतून आलेली गाडी तासभर सांवलींत निवूं द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. जिन्याच्या तोंडाशीं किंवा निजण्याच्या खोलींत बॅटरी भरूं नये. आग लागलीच, तर बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. भिंतींतील तीन खिळ्यांच्या जागेला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. आणि आपण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर बॅटरी काढून वर नेतां येते कीं नाहीं, हें सर्वांत आधीं विचारावें. खालीं चार्जिंगची सोय नाहीं आणि बॅटरी निघत नाहीं, अशी गाडी कितीहि उत्तम असली तरी आपली नव्हे.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. लातुरांत शिकवणीसाठीं बाहेरगांवाहून हजारों मुलें येतात. त्यांच्या आईबापांना "हिला लायसन लागत नाहीं" हें वाक्य फार गोड वाटतें. नियम असा आहे. मोटारची शक्ति २५० वॅटच्या आंत आणि वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत असेल, तरच त्या गाडीला नोंदणी व परवाना लागत नाहीं. याहून वेगवान गाडीला हिरवी क्रमांकपट्टी, विमा आणि चालविणाराला परवाना, हीं सारीं लागतात. कांहीं ठिकाणीं कमी वेगाची म्हणून गाडी विकतात आणि एक तार सोडून तिचा वेग ४५ पर्यंत वाढवून देतात. त्या क्षणीं ती गाडी कायद्याच्या बाहेर जाते. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. दंडाची गोष्ट एक वेळ सोडा. अपघात झाला तर अशा गाडीला विम्याचा आधार नाहीं. मुलाला आपण सवलत देत आहों, कीं संकटांत ढकलीत आहों, याचा विचार तार सोडण्यापूर्वीं करावा.

शेवटीं पैशांचा हिशेब. पेट्रोल १०५ रुपये लिटर, स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर, आणि वीज १० रुपये युनिट धरूं. आपापले दर आपण घालावे. चार्जरमध्यें कांहीं वीज वायां जाते, म्हणून मीटरवरील एका युनिटास ३० किलोमीटरच धरावे. मुलगी वर्षाचे ३०० दिवस रोज २० किलोमीटर, म्हणजे ६००० किलोमीटर जाते. पेट्रोलला सुमारें १४००० रुपये. विजेला २००० रुपये. वर्षाची बचत १२०००. विजेची गाडी ३० हजारांनीं महाग पडली, तरी हा फरक अडीच वर्षांत फिटतो. आतां माझा हिशेब पाहा. रोज ६ किलोमीटर म्हणजे वर्षाला १८००. पेट्रोलला ४२०० रुपये, विजेला ६००. बचत ३६००. त्याच ३० हजारांना आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोंवर बॅटरी बदलावयास होईल आणि मीहि सत्तरी ओलांडीन! एकच गाडी एका घरीं नफ्याची आणि दुसऱ्या घरीं तोट्याची ठरते, ती अशी. महावितरणच्या दरांत १०० युनिटांच्या पुढें टप्पा बदलतो. आपलें बिल ९५ युनिटांचें असेल, तर गाडीमुळें वाढणारीं युनिटें महाग पडतील, हेंहि ध्यानांत ठेवावें.

किंमतींच्या बाबतींत शेजाऱ्याचा दोन वर्षांपूर्वींचा अनुभव प्रमाण मानूं नये. केंद्राचें अनुदान २०१९ मध्यें दर युनिटामागें १० हजार रुपये होतें. जून २०२१ मध्यें तें १५ हजार झालें, जून २०२३ मध्यें पुन्हां १० हजारांवर आणि एप्रिल २०२४ मध्यें ५ हजारांवर आलें. उलट सप्टेंबर २०२५ मध्यें ३५० सी. सी. पर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. विजेच्या वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून तो ५ टक्के आहे. म्हणून ज्या दिवशीं पैसे मोजावयाचे, त्या दिवशींचीच दोन्ही गाड्यांची रस्त्यावरची किंमत कागदावर लिहून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वीं आणखी तीन गोष्टी कराव्या. बॅटरीची हमी किती वर्षें, किती किलोमीटर, आणि शक्ति किती टक्क्यांखालीं गेली तर ती बदलून मिळेल, हें लेखी घ्यावें. दुरुस्तीची जागा आपल्याच शहरांत आहे काय, हें दुकानदाराला न विचारतां स्वतः जाऊन पाहावें, तेथें उभ्या असलेल्या दोन गाडीवाल्यांना "किती दिवस झाले?" एवढेंच विचारावें. आणि घरांतील वजनदार माणसाला मागें बसवून जवळच्या उड्डाणपुलावर गाडी चढवून पाहावी.

मुलीची गाडी आतां लातुरांत सुखरूप फिरते आहे. ती दर दोन दिवसांनीं भरते. मीं मात्र दुसरी गाडी घेतली नाहीं. माळ्यावरची जुनी सायकल उतरविली, तेल-पाणी केलें, आणि तिच्यावरून मंडईला जातों. त्या दुकानांतील तरुण परवां वाटेंत भेटला. हंसून म्हणाला, "गुरुजी, शेवटीं कोणती घेतलीत?" मीं त्याला वही दाखविली. त्यानें ती उभ्याउभ्याच चाळली आणि विचारलें, "ही मला गिऱ्हाइकांना दाखवावयास मिळेल कां?" मीं ती त्याला दिली. श्रोतेहो, आपणहि अशी एक वही आजच घाला. गाडी पंधरा दिवसांनींहि मिळेल.